गहिनीनाथांचा येडा जाळ

आमच्या गॅसच्या शेगडीला सर्दी झाली की मी मिस्त्रीला फोन करत नाही. जिन्यात जाऊन वरच्या मजल्यावरच्या गहिनीनाथांना हाक मारतो. ते येतात, शेगडी पेटवतात आणि डोळे मिटून बसतात. बघत नाहीत, ऐकतात. मग बर्नर उचलून त्याच्या एका भोकात अडकलेला कण टाचणीने काढतात आणि निघतात. चहाला थांबत नाहीत. म्हणतात, जाळ नीट असला की चहा आपोआप चांगला होतो, तो आता तुम्हीच प्या. माझ्या चहाबद्दल इतक्या सभ्य भाषेत दुसऱ्या कुणी मत दिलेलं नाही.

गहिनीनाथ ढाकणे, वय बासष्ट. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणते, त्यांची मुलगी सुकन्याही. मूळ गाव पाथर्डीच्या पलीकडचं, जिथून दिवाळी आटोपली की घरंच्या घरं कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात आणि मागे म्हातारी माणसं नि कुलपं राहतात. नाना साखर कारखान्याच्या आवारात, पाचटाच्या खोपीत वाढले. शाळा थोडी, बॉयलर जास्त. थंडीत ऊब मिळावी म्हणून बॉयलरच्या भिंतीला पाठ लावून बसायचं आणि आतला जाळ काय बोलतो ते ऐकायचं, हा त्यांचा अभ्यासक्रम. पुढे त्याच बॉयलरवर फायरमन झाले, मग अटेंडंटच्या परीक्षेला बसले. तोंडी परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, भट्टीत हवा कमी पडतेय हे कशावरून ओळखाल. साहेबांना मीटरचं नाव हवं होतं. नानांनी तोंडाने आवाज काढून दाखवले: आधी हवा पुरेशी असल्याचा, मग कमी पडल्याचा. साहेबांनी म्हणे दोन्ही पुन्हा काढायला लावले आणि पास केलं.

असे एकतीस गळीत हंगाम झाले. निवृत्त होऊन नाना गावी गेले, तर त्यांच्या पत्नीने, राहीबाईंनी, पंधरा दिवसांत त्यांना परत पाठवलं. चुलीपुढे बसून ते प्रत्येक लाकडावर शेरा मारत. राहीबाई आपल्या म्हशींबरोबर सुखात राहिल्या आणि नाना शहरात, सावेडीत, सुकन्येच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, म्हणजे आमच्या डोक्यावर, राहायला आले.

सुकन्येने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला. सुप्याकडून पारनेरला जाणाऱ्या रस्त्यावर, माळावर एक निळ्या पत्र्याची शेड आहे, तिथे ती तीन वर्षांपासून मीटर सांभाळते. पार्थ सर नावाचे एक छत्तिशीतले शास्त्रज्ञ परदेशात शिकून आले आणि तिथे चाक न फिरवता वीज काढायच्या मागे लागले. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेलो, त्यामुळे सुकन्येने मला ते सगळं जिन्यातच समजावून सांगितलं. एरवी वीज करायची तर पाणी उकळा, वाफ काढा, वाफेने चाक फिरवा, अशी लांबड. इथे ते सगळं गाळलेलं. गॅस आणि ऑक्सिजन जाळून इतका तापवायचा की लोखंड त्याच्यापुढे तुपासारखं वितळावं. तो झोत एका चौकोनी बोगद्यातून सोडायचा. बोगद्याच्या दोन बाजूंना दोन मोठी चुंबकं, वर आणि खाली तांब्याच्या पट्ट्या. झोतातून वीज वाहू शकत असेल, तर चुंबकाच्या मधून जाताना त्याची वीज वरच्या पट्टीतून निघते आणि खालच्या पट्टीतून परत येते. फिरायला काही नाही, झिजायला काही नाही. निदान कागदावर नाही.

अडचण एवढीच की नुसत्या जाळातून वीज नीट वाहत नाही. त्यासाठी त्यात पोटॅशियमचा चिमूटभर क्षार भुरभुरावा लागतो. उष्णतेने त्याचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि मग जाळ तारेसारखा वागायला लागतो. सर या क्षाराला इंग्रजीत 'सीड' म्हणत. फॉर्मवरही तसंच छापलेलं होतं: सीड तपासले, सीड भरले, खाली सही. नानांना सुकन्येनेच तिथे कामाला लावलं, कारण जाळाजवळ उभं राहायला माणसं तयार होत नव्हती. नानांनी फॉर्म वाचला, सीड म्हणजे बी हे त्यांना माहीत होतं, आणि राहीबाईंना फोनवर सांगून टाकलं की मला पेरणीचं काम लागलंय. राहीबाईंनी विचारलं, कशात पेरता. नाना म्हणाले, जाळात. राहीबाईंनी फोन सुकन्येला द्यायला सांगितला.

पेरणी हाच शब्द मग शेडमध्ये रूढ झाला. पार्थ सरसुद्धा पुण्याहून फोन करून विचारू लागले, नाना, पेरणी किती वाजता.

सर त्या झोताला प्लाझ्मा म्हणत. नाना येडा जाळ म्हणत. मी एकदा विचारलं, येडा का. नानांनी सांगितलं की साध्या जाळाला एकच अक्कल असते, वर जायची. ह्याच्या अंगात वीज शिरली की हा पसरून बसतच नाही, एका जागी गोळा होतो आणि डसतो. सुकन्येने त्याचं शास्त्र सांगितलं. वीज सगळ्या पट्टीभर सारखी पसरायला हवी, पंगतीत माणसं बसतात तशी. पण झोत एखाद्या जागी जरासा जास्त तापला की तिथून वीज जास्त सहज जाते. वीज गेली की ती जागा आणखी तापते, तापली की आणखी वीज. म्हणजे जिलबीचं ताट जिकडून येतंय तिकडे सगळं गाव सरकावं, तसं. शेवटी सगळ्या विजेचा एक बारीक दोरा होतो आणि तो तांब्यावर एकाच ठिकाणी टेकतो. तिथे छोटा काळा खड्डा पडतो. या खड्ड्यांना नाना डस म्हणत. टेस्ट झाली की पट्ट्या पुसून डस मोजायचे आणि वहीत लिहायचे, हे सुकन्येचं काम. पाच-सहा असले तर सर खूश.

पट्ट्या आतून पोकळ होत्या. त्यांच्या पोटातून गार पाणी खेळवलेलं असे, म्हणून त्या असल्या जाळापुढे टिकत. पण एखादा डस पार झाला, तर पाणी जाळात पडणार आणि पडल्या क्षणी त्याची वाफ होणार. बंद बोगद्यात वाफ झाली की काय होतं हे बॉयलरवाल्याला सांगावं लागत नाही. सुकन्येचं टेबल बोगद्यापासून चार हातांवर होतं. मध्ये एक जाड पारदर्शक पडदा. टेबल लांब हलवायचं तर सगळ्या तारा नव्या घालाव्या लागल्या असत्या. पुढच्या बजेटमध्ये, असं सर म्हणत.

जुलैत पोटॅश संपलं. मुंबईहून येणारा डबा वाटेत कुठेतरी अडकला होता. ऑगस्टअखेर शेडला पैसा पुरवणारे पाहुणे येणार होते. ते बघून गेले की शेडला पुढची तीन वर्षं मिळणार आणि सुकन्येला कायमची नेमणूक. सरांनी पुण्याहून घाईघाईत फोन केला की नाना, पोटॅश संपलंय, कुठूनही मिळवा, पण टेस्ट थांबता कामा नये. नाना दुपारच्या गाडीने पारनेरला गेले आणि छगन नावाच्या ओळखीच्या दुकानदाराच्या कृषी सेवा केंद्रातून पोटॅशची एक गोणी घेऊन आले.

इथे कुणी हसू नये. ज्या माणसाचं सगळं आयुष्य उसाच्या आधाराने गेलं, त्याला पोटॅश म्हणजे काय हे विचारणं म्हणजे माझ्या बायकोला मीठ म्हणजे काय विचारणं. उसाला बांधणी करताना पोटॅश टाकतात. लाल असतं, पांढरं असतं. नानांनी छगनला आवर्जून सांगितलं की पांढरं दे, साहेबांचं पांढरं असतं. आणि ते जुन्यापेक्षा सरस निघालं. जुनं ओल धरायचं, त्याच्या गुठळ्या व्हायच्या, नळीत अडकायचं. हे पाण्यासारखं सरकत होतं. नानांनी ते कुटून, चाळून, जुन्या निळ्या पिंपात भरलं. पिंपावर आधीचं लेबल होतंच. सुकन्येने विचारलं, पोटॅशच आहे ना? नाना म्हणाले, पोटॅशच. तिने 'सीड तपासले' पुढे सही केली.

त्यानंतर सतरा टेस्ट झाल्या. प्रत्येक वीस सेकंदांची.

पहिल्यांदा वीज कमी झाली. सरांनी ऑक्सिजन वाढवला, जाळ आणखी तापवला. मग डस वाढले, सहाचे चौदा झाले, चौदाचे चाळीस. सर म्हणाले, पट्ट्या जुन्या झाल्यात, पाहुणे गेले की बदलू. शेडच्या धुराड्यापाशी एक कडुनिंब होता. त्याची पानं कडेने तपकिरी झाली, जणू कुणी काडी लावून विझवली. फाटकाची साखळी सरांनी मे महिन्यात नवी आणली होती, ती गंजून लाल पूड सोडू लागली. सुकन्येच्या केसांतल्या पिनांना तांबेरा आला. तिला कोरडा खोकला लागला. आमच्या हिने तिला ज्येष्ठमध दिला आणि मी चारचौघांत विनोद केला की या शेडमध्ये पोरीचीच भट्टी धुमसायला लागली. सगळे हसले. नाना तेवढे हसले नाहीत, ते कान देऊन तिचा खोकला ऐकत होते.

पट्ट्या पुसताना फडक्यावर हिरवट पूड यायला लागली होती. आणि एक दिवस टेस्ट बंद होता होता नानांनी मागच्या बारीक खिडकीतून पाहिलं. जाळ मोठा असताना त्याच्या लखलखाटात काही दिसत नाही, पण तो विझत असताना पापणी लवेल एवढा वेळ त्याचा खरा रंग दिसतो. नेहमी जांभळट असे. त्या दिवशी त्याला हिरवी कड होती.

नानांनी सरांना सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, ते नेहमीच ऐकून घेत. म्हणाले, तांब्याचा अंश येतोच थोडा. पुढे काय ते नानांनाही नीट सापडत नव्हतं. एवढंच आठवत होतं की हा रंग आपण लहानपणी पाहिलाय, आणि तो पाहिल्यावर कुणीतरी ओरडलं होतं.

ते आठवलं रविवारी सकाळी, दाढी करताना. दुपारी ते माझ्याकडे आले. हातात खताची रिकामी गोणी, घडी घालून आणलेली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी अकराला, पाहुण्यांसमोर टेस्ट होती आणि ती वीस सेकंदांची नव्हती, तीन मिनिटांची होती. सुकन्या तयारीसाठी शेडवर गेलेली.

नानांनी मला कल्हईवाल्याची गोष्ट सांगितली. कारखान्याच्या आवारात हंगामात एक कल्हईवाला यायचा. खड्डा खणून भाता लावायचा, भांडं तापवायचा, त्यावर नवसागर टाकून कथील फिरवायचा. पांढरा धूर, नाकात चढणारा वास. एकदा त्याच्या नव्या माणसाने तांब्याच्या घंगाळात मूठभर नवसागर टाकला आणि जाळाला हिरवी कड आली. म्हातारा कल्हईवाला जागेवरूनच ओरडला, उतरव, भांडं चाललं.

"गुर्जी," नानांनी गोणी माझ्यापुढे पसरली, "ह्याच्यात नवसागर हाय का, तेवढं वाचून सांगा."

मी चष्मा लावून बारीक अक्षर वाचलं. म्युरेट ऑफ पोटॅश. पोटॅशियम क्लोराईड. मग मी मास्तर झालो. चाळीस वर्षांची सवय. सांगितलं की नवसागर नाही, पण त्याचा सख्खा भाऊ आहे. नवसागरातही क्लोरिन, मिठातही, ह्यातही. सरांचं पोटॅश म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. तुमच्या छगनचं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. पोटॅशियम दोन्हींत आहे म्हणून जाळ जांभळा दिसत राहिला, पण हा क्लोरिन जाळातले सुटे इलेक्ट्रॉन गिळतो आणि तापल्या तांब्याला लागला की त्याला धूर करून घेऊन जातो. आणि मग मला हसू आलं. मी म्हणालो, नाना, अहो तुम्ही प्लाझ्माला खत घातलंत.

नाना गोणीची घडी परत घालत होते. कोपऱ्याला कोपरा जुळवून. म्हणाले, सतरा डाव गेलेत, गुर्जी. त्या पट्ट्यांत किती तांबं उरलं आसल?

माझं हसू तोंडातच राहिलं. ते अजूनही कधीकधी मला तिथे लागतं.

सरांना फोन केला. ते पाहुण्यांना आणायला विमानतळावर गेले होते, फोन लागेना. निरोप धाडला, त्यावर हाताचा अंगठा आला. बहुधा त्यांनी वाचलाच नव्हता. चारच्या सुमारास सुकन्या आली. तिने जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून सगळं ऐकलं. नाना सांगत होते आणि ती चपलेच्या पट्ट्याकडे बघत होती. ती हुशार पोरगी आहे. क्लोराईड या शब्दाला तिने डोळे मिटले, पुढचं तिला सांगावं लागलं नाही. फडक्यावरची हिरवी पूड तिनेच रोज पुसली होती.

मग तिने विचारलं ते पट्ट्यांबद्दल नव्हतं. तिने विचारलं की फॉर्मवर सही माझी आहे, हे तुम्हा दोघांच्या लक्षात आलंय का. सतरा फॉर्म, सतरा सह्या. 'सीड तपासले'. बापाच्या शब्दावर. हे उद्या पाहुण्यांसमोर निघालं तर शेडचं काय व्हायचं ते होईल, पण तिला पुन्हा कुणी मीटरला हात लावू देणार नाही.

"नाना, तीन मिनिटांचा प्रश्न आहे," ती म्हणाली. "उद्या होऊन जाऊ द्या. परवा मीच सांगते सरांना."

नानांनी तिला खुर्ची तरी लांब हलव म्हणून सांगितलं. ती म्हणाली, तारा पुरत नाहीत. ते खरंच होतं. मी दोघांच्या मध्ये उभा होतो, वयाने मोठा, शिकलेला, शास्त्राचा मास्तर. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो की चहा टाकतो.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण जुळतं.

सोमवारी शेडपुढे छोटा मांडव होता. पाच पाहुणे होते. सरांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांची ओळख करून दिली: एकतीस हंगामांचा अनुभव, आमचे जाळाचे डॉक्टर. पाहुण्यांनी हात जोडले. नाना त्याच वेळी बोलणार होते, शब्द जिभेवर होते, पण मांडवाच्या टोकाला सुकन्या उभी होती आणि त्यांच्याकडे बघून तिने मान अगदी थोडी हलवली. नाही म्हणून. नानांनी नारळ फोडला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी गॅस पेटला. पाहुणे काचेमागे, सर कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यापुढे, सुकन्या आपल्या टेबलाशी, नाना पिंपाच्या नळीवर. नळीला एक पितळी झडप होती, ती अर्धी उघडली की पेरणी सुरू. नानांनी ती उघडली. चुंबकं चालू झाली. पडद्यावर विजेची रेघ वर चढली आणि पाहुण्यांतलं कुणीतरी टाळी वाजवायला लागलं.

वीस सेकंद. आजवर इथेच थांबायचे. जाळ थांबला नाही. चाळीस सेकंदांना आवाज एकसारखा होता, मोठी माशी बाटलीत कोंडल्यासारखा. नानांनी मागच्या खिडकीला डोळा लावला. आता विझायची वाट बघावी लागत नव्हती. भर जाळात, त्या लखलखाटात, खालच्या अंगाला हिरवी कड उभी होती. स्थिर. एकाच जागी.

सुकन्येला मीटरवर तेच दिसत होतं. चाळीस पट्ट्यांपैकी नवव्या पट्टीचा आकडा चढत होता आणि बाकीचे उतरत होते. सगळी वीज तिथे गोळा होत होती. ती नववी पट्टी तिच्या टेबलाच्या बरोबर समोर. तिने मला सांगितलं की काका, मला उठायचं होतं, पण उठले नाही, कारण मी उठले असते तर सरांनी विचारलं असतं की का उठलीस.

मग आवाज बदलला. नाना म्हणतात, भट्टीत फुटाणे तडतडावे तसा झाला. माणसाच्या कानाला तो फरक कळला असता असं सुकन्येला वाटत नाही. नानांनी मुलीकडे बघितलं नाही. त्यांनी झडप बंद केली.

पेरणी थांबली. येडा जाळ दोन श्वासांत साधा जाळ झाला, वीज वाहीना, रेघ सरळ खाली आली. टाळी वाजवणारा हात हवेत राहिला. सर वळून ओरडले की नाना, सीड येत नाहीये, झडप बघा. नानांनी झडपेवरचा हात काढला नाही.

"साहेब, हे खताचं पोटॅश हाय. मीच आनलंय," ते म्हणाले. "गॅस तोडा. आन् पोरीला उठवा तिथनं आधी."

सरांनी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गॅस तोडला. एवढं त्यांच्या बाजूने लिहिलंच पाहिजे. विचारत बसले नाहीत. शेडमध्ये पाण्याच्या पंपाचा तेवढा आवाज राहिला. आणि त्या आवाजात आणखी एक, बारीक. तापल्या तव्यावर थेंब पडावा तसा. थांबून पुन्हा एकदा. पुन्हा एकदा.

पाहुण्यांना मांडवात नेऊन वडे दिले. तांत्रिक अडचण, असं सांगितलं. पाहुण्यांनी वड्यांची तारीफ केली.

दुपारी तीनला बोगदा उघडला. नवव्या पट्टीच्या मधोमध एक खड्डा होता, त्याच्या तळाशी पाण्याचा एक थेंब धरलेला. सुकन्येने शेजारच्या जागेवर अंगठा ठेवून दाबलं. तांबं डब्याच्या पातळ झाकणासारखं आत गेलं. तिने अंगठा तसाच ठेवला. सरांनी खाली बसून पाहिलं, आठवी पट्टी पाहिली, दहावी पाहिली. शेवटी त्यांनी विचारलं, फॉर्मवर सही कुणाची आहे. नाना म्हणायला गेले की माझ्या शब्दावर केलेली आहे. सुकन्या म्हणाली, माझी आहे. तपासलं नव्हतं.

निकाल दोन दिवसांनी लागला. नानांनी आता विश्रांती घ्यावी. सरांनी घरी येऊन सांगितलं, पेढे आणले, पाया पडले. सुकन्येला ठेवलं, कारण त्या मीटरांची जाण असलेलं दुसरं माणूस नव्हतं. नेमणुकीचं पत्र मात्र पुढे बघू. आणि पाहुण्यांनी आणखी एक संधी दिली होती, डिसेंबरात. वेळ कमी. नववीपासून अकरावीपर्यंतच्या तीन पट्ट्या नव्या बसवणार. बाकीच्या सदतीस चालतील, सर म्हणाले. पोटॅश आता बरोबरचं येईल, डबा पोहोचलाय.

सुकन्येने एकच अट घातली. प्रत्येक टेस्टच्या आधी बोगदा उघडायचा आणि चाळीसही पट्ट्यांची जाडी मोजायची. एका मोजणीला अर्धा दिवस जातो. सर लगेच हो म्हणाले. पेढ्याच्या बॉक्सवर हात ठेवून म्हणाले.

हे झालं सप्टेंबर लागता लागता. आता नोव्हेंबर सरत आलाय. सुकन्येचा खोकला थांबला, कडुनिंबाला पालवी आली म्हणे. काल नाना जिन्यात भेटले, चप्पल घालत होते. मी सहज विचारलं की सर शब्द पाळतात का, पट्ट्या मोजतात का.

"मोजल्या की. दोनदा मोजल्या," नाना म्हणाले.

मला बरं वाटलं. तरी मास्तरकीची खोड म्हणून विचारलं की आजवर टेस्ट किती झाल्या.

नानांनी पट्टा ओढून घट्ट केला. म्हणाले, आजची धरून सात. अकराला हाय. आणि सुप्याची गाडी चुकेल म्हणून ते भराभर पायऱ्या उतरून गेले. शेडच्या फाटकातून त्यांना आत सोडत नाहीत. ते कुंपणाबाहेर, बोगद्याच्या बाजूच्या भिंतीपाशी उभे राहतात आणि ऐकतात.